नोडच्या तारा सोडून कोडकडे कधी वळायचं?

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळा मराठी माध्यमातली. दोन महिन्यांपासून युनिटी या गेम बनवण्याच्या इंजिनात व्हिज्युअल स्क्रिप्टिंग (कोड न लिहिता 'नोड' नावाच्या चौकटी तारांनी जोडायची पद्धत) वापरून एक टूडी गेम बनवतोय. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी बैल नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्यांमधून धावतो, खड्ड्यांवरून उडी मारतो आणि दारोदारी बोजाऱ्याची (त्या दिवशी मुलांना मिळणाऱ्या पैशांची) नाणी गोळा करतो. दुसऱ्या लेव्हलला काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक आणायची आहे. बैल धावतो खरा, पण काही गोष्टींनी जीव मेटाकुटीला आलाय. एक नाणं घेतलं की गुण कधी एकाने वाढतात, कधी दोनाने. स्पेस दाबूनही बैल कधी कधी उडीच मारत नाही, आणि मारली तर फुग्यासारखा तरंगत खाली येतो (उडीचा वेग ६, ग्रॅव्हिटी स्केल १ ठेवलंय). ग्राफ, म्हणजे जोडलेल्या नोडचं जाळं, तर एवढा पसरलाय की कोणती तार कुठे जाते ते मलाच कळत नाही. दादा सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो म्हणतो, "तारा जोडणं म्हणजे प्रोग्रॅमिंग नव्हे, सोड ते आणि पहिल्यापासून सी शार्प शिक." यूट्यूबवर सांगतात की आता कोडची गरजच नाही. कोणाचं ऐकू? इंग्रजी कच्चं असल्यामुळे कोडची धास्ती वाटते. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. येत्या तान्ह्या पोळ्याला गेम लोकांच्या मोबाईलवर असावा अशी फार इच्छा आहे. — एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ग्राफ फेकू नका, आणि कोडही टाळू नका. ही एक लेव्हल आहे त्याच नोडमध्ये पुरी करा. मग हाच गेम, याच युनिटीत, एकेक तुकडा काढून सी शार्प या युनिटीच्या कोडच्या भाषेत लिहा. नवीन गेम काढायचा नाही, नवीन इंजिन घ्यायचं नाही.

असं सांगण्याला कारण आहे. थेट कोडपासून सुरुवात करणाऱ्या माणसाला दोन गोष्टी एकाच वेळी शिकाव्या लागतात : संगणकाला काय सांगायचं ते, आणि कोणत्या शब्दांत सांगायचं तेही. या दुहेरी ओझ्याखाली बरेच जण लवकर थकतात. तुम्ही पहिलं ओझं जवळजवळ उतरवलेलं आहे. घटना कधी घडते, तेव्हा कोणती अट तपासायची, कोणता आकडा कुठे साठवायचा आणि कशानंतर काय करायचं हे तुम्ही दोन महिने रोज ठरवत आलात. तेच प्रोग्रॅमिंग आहे, त्यामुळे दादाचं पहिलं वाक्य मान्य नाही. दुसऱ्या वाक्यातलं "सी शार्प शिक" एवढं मात्र मनावर घ्या.

तुमच्या तक्रारींपैकी नाण्याची आणि उडीची, या दोन्हींचा नोडशी काही संबंध नाही. आज सगळं पुसून कोडमध्ये लिहिलंत तरी नाणं दोनदा मोजलं जाईल आणि उडीही हुकेल. म्हणून आधी हे दोन बग समजून घ्या, मग तारांचं बोलू.

युनिटीत दोन घड्याळं चालतात. एक चित्राचं : प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर चित्र नव्याने काढताना दर वेळी, 'अपडेट' चालतं, आणि सेकंदाला किती फ्रेम होतील ते मशीनच्या ताकदीवर असतं. दुसरं भौतिकीचं : 'फिक्स्ड अपडेट' मूळ सेटिंगनुसार दर ०.०२ सेकंदाला, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चालतं. ही दोन घड्याळं एकमेकांशी बांधलेली नाहीत. तुमचा फ्रेम रेट वर गेला की उडी हुकते, आणि खाली आला की नाणं दोनदा मोजलं जाण्याची शक्यता वाढते.

नाण्याचं आधी घ्या. बैलाला तुम्ही बहुतेक दोन कोलायडर (स्पर्श ओळखणारे अदृश्य आकार) लावले असणार : अंगाला चौकोनी आणि पायाशी, जमीन ओळखण्यासाठी, गोल. नाण्यावर 'ऑन ट्रिगर एंटर टूडी' ही घटना बैलासाठी एकदाच घडत नाही, शिवणाऱ्या प्रत्येक कोलायडरसाठी वेगळी घडते. "पण मी तर लगेच डिस्ट्रॉय जोडलंय," असं तुम्ही म्हणाल. डिस्ट्रॉय त्या क्षणी नाणं काढत नाही, फक्त नोंद करून ठेवतो. नाणं खरोखर जातं ते त्या फ्रेमच्या शेवटी. तोवर दुसरा कोलायडर येऊन शिवला, तर गुण पुन्हा वाढतात. तुमचा बैल सेकंदाला ५ युनिट धावत असेल, तर भौतिकीच्या एका पावलात तो ०.१ युनिट पुढे सरकतो. दोन्ही कोलायडरच्या पुढच्या कडा एवढ्या अंतरात असल्या की दोघेही एकाच पावलात नाण्याला शिवतात. फ्रेम रेट २५वर घसरला तर एका फ्रेममध्ये भौतिकीची दोन पावलं पडतात आणि हे अंतर ०.२ होतं. म्हणून 'कधी एक, कधी दोन'. आणि हे मोबाईलवर जास्त दिसेल, कारण फोनवर युनिटीचा गेम, तुम्ही काही बदललं नाही तर, सेकंदाला ३० फ्रेमवर चालतो. लॅपटॉपवर बग गेल्यासारखा वाटला तरी गाफील राहू नका.

उपाय साधा आहे. नाण्याला 'घेतलं' नावाचं हो-नाही व्हेरिएबल (उत्तर साठवायची जागा) द्या. मराठीत लिहिलं तर तर्क असा दिसेल :

नाण्याला कोणी शिवलं की —
आधीच घेतलं असेल, तर इथूनच परत फिर
शिवणारा बैल नसेल, तर परत फिर
घेतलं = हो
गुण = गुण + १
नाणं नष्ट कर

क्रम महत्त्वाचा. 'घेतलं = हो' हे गुण वाढवण्याच्या आधी आलं पाहिजे. ग्राफमध्ये हे व्हेरिएबल 'ऑब्जेक्ट' या टॅबमध्ये बनवा. चुकून 'सीन' टॅबमध्ये बनवलंत, तर सगळ्या नाण्यांचं मिळून ते एकच होईल आणि पहिलं नाणं घेतल्यावर उरलेली सगळी नाणी आपोआप 'घेतलेली' ठरतील. बैल त्यांच्यामधून जाईल आणि काहीच होणार नाही.

आता उडी. तुमच्या ग्राफमध्ये 'ऑन फिक्स्ड अपडेट'ला 'गेट की डाउन' जोडलेलं आहे का ते पाहा. 'की डाउन' हे फक्त एका फ्रेमपुरतं खरं असतं. गेम सेकंदाला १०० फ्रेमवर चालत असेल तर दर दोन फ्रेममधल्या एकीत भौतिकीचं पाऊल पडतच नाही. त्या फ्रेममध्ये स्पेस दाबली गेली तर ती कोणी ऐकलीच नाही. बटण नेहमी अपडेटमध्ये वाचायचं आणि 'उडी हवी' अशी खूण करून ठेवायची. फिक्स्ड अपडेटमध्ये ती खूण पाहायची, पाय जमिनीवर असले तर वेग द्यायचा आणि खूण पुसायची. याचा पुढे आणखी फायदा होतो : मोबाईलवर स्पेस नसते, तिथे स्क्रीनला बोट लागलं की हीच खूण करायची. उडीच्या भागाला हात लावावा लागत नाही.

तरंगण्याचा प्रश्न निव्वळ अकरावीच्या गणिताचा आहे. उंची म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाची दुप्पट. वेग ६ आणि गुरुत्व ९.८१ घेतलं तर उंची १.८३ युनिट येते आणि बैल १.२२ सेकंद हवेत राहतो. पळापळीच्या गेममध्ये एवढा वेळ फार झाला. ग्रॅव्हिटी स्केल ३ करा, पण तेवढंच करून थांबलात तर उंची तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे ०.६१वर येईल आणि बैल साधी पायरीही ओलांडणार नाही. वेगही वाढवायचा, पण तिप्पट नाही, तीनच्या वर्गमुळाइतका. ६ गुणिले १.७३ म्हणजे साधारण १०.४. उंची तीच राहते आणि हवेतला वेळ ०.७ सेकंदावर येतो. बैलाला वजन आल्यासारखं वाटेल. एक मात्र ध्यानात ठेवा : ५च्या वेगाने आधी एका उडीत ६ युनिट अंतर कापलं जायचं, आता साडेतीनच कापलं जाईल. आधी रुंद खोदलेले खड्डे आता पार होणार नाहीत. ते अडीच युनिटच्या आत आणा, म्हणजे खेळणाऱ्याला थोडी चूक करायला जागा राहील.

नोड कुठे कमी पडतात ते याच हिशोबात दिसतं. समजा तुम्हाला उंची ठरवून वेग आपोआप काढायचा आहे, म्हणजे पुढे उंची बदलली तरी हाताने गणित करायला नको. कोडमध्ये ही एक ओळ आहे : वेग बरोबर वर्गमूळ, कंसात दोन गुणिले गुरुत्व गुणिले स्केल गुणिले उंची. वहीत लिहाल तशीच. नोडमध्ये याच ओळीला गुरुत्व आणणारा एक, त्यातला वाय काढणारा एक, स्केलचा एक, उंचीचा एक, गुणाकाराचे तीन आणि वर्गमुळाचा एक, असे आठ नोड आणि त्यांच्यामधल्या तारा लागतात. वाचताना डोळा तारेमागे धावतो, सूत्र दिसत नाही. 'आधी काय, मग काय' हे तारेने छान दाखवता येतं. 'किती' सांगायला ओळच बरी.

म्हणून कधी वळायचं याची आमची मोजपट्टी अशी. नेहमीच्या झूमवर एक ग्राफ एका स्क्रीनमध्ये मावेनासा झाला, तर त्याचे तुकडे पाडा. युनिटीत निवडलेल्या नोडचा सबग्राफ करता येतो. त्याला 'उडी', 'गुण', 'खड्डे' अशी नावं द्या. तुमचा पसारा निम्मा यानेच आवरेल, आजच करा. तोच नोडचा गठ्ठा तिसऱ्यांदा कॉपी करायची वेळ आली, तीनपेक्षा जास्त क्रियांचं गणित आलं, किंवा यादीतून एकेक वस्तू काढून तपासायची वेळ आली, की तो भाग कोडचा. तुमच्या गेममध्ये खड्डे आणि घरं पुढे पुढे निर्माण करणारा भाग नक्की या वर्गात मोडतो.

आणखी एक कारण मागे जाण्याचं आहे. काल चालत होतं, आज बिघडलं, तर नेमकं काय बदललं? कोडची फाईल गिटमध्ये, म्हणजे फाईलींमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात, ठेवली की कोणती ओळ बदलली ते समोर दिसतं. युनिटीचा स्क्रिप्ट ग्राफ फाईलमध्ये एका लांबलचक मजकुराच्या पट्टीसारखा साठवला जातो. एक नोड जरा बाजूला सरकवला तरी ती पूर्ण पट्टी बदललेली दिसते. मित्राबरोबर काम करताना दोघांनी एकच ग्राफ उघडला, तर दोघांचे बदल एकत्र करणं जवळजवळ अशक्य. अनरियल या दुसऱ्या इंजिनातल्या ब्लूप्रिंट या नोड-पद्धतीच्या फाईलींचंही तेच, त्या तर बायनरी, म्हणजे माणसाला वाचता न येणाऱ्या, असतात. नोडमध्ये असतानाही गिट वापरा, रोज उठण्यापूर्वी एक कमिट (त्या दिवशीच्या कामाची नोंद) करा. निदान कालच्या ग्राफवर परत जाता येईल.

नोडच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण कोडकडे वळाल तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुम्हाला त्यांची आठवण येणार आहे. नोडमध्ये स्पेलिंग चुकत नाही. सी शार्पमध्ये 'अपडेट' या नावाचं पहिलं अक्षर लहान लिहिलंत तर एरर येत नाही, लाल रेघ येत नाही, गेम सुरू होतो आणि ते फंक्शन कधी चालतच नाही. युनिटी ठरलेलं नाव शोधतं, ते सापडलं नाही की गप्प बसतं. 'ऑन ट्रिगर एंटर टूडी'मधलं शेवटचं टूडी विसरलात, किंवा त्यातलं डी लहान काढलंत, तरी हेच. काहीच घडत नसेल आणि कन्सोल कोरं असेल, तर आधी अशा नावांची अक्षरं तपासा. नोडमध्ये चालू तार उजळलेली दिसते, कोडमध्ये तसं काही दिसत नाही. म्हणून सुरुवातीला प्रत्येक फंक्शनच्या पहिल्या ओळीत 'डीबग लॉग'ने एक शब्द छापून घ्या. शब्द छापला गेला नाही म्हणजे तिथवर गाडी आलीच नाही.

इंग्रजीबद्दलची तुमची धास्ती समजते, पण नोडचीही नावं इंग्रजीतच आहेत आणि ती तुम्ही दोन महिने न अडखळता वापरताय. या गेमसाठी सी शार्पचे रोज लागणारे शब्द पंचवीस-तीसच्या वर नाहीत : इफ, एल्स, फॉर, रिटर्न, ट्रू, फॉल्स, इंट, फ्लोट, बूल, पब्लिक, प्रायव्हेट, व्हॉइड, असे. व्याकरण लागत नाही, निबंध लिहायचा नाही. व्हेरिएबलची नावं रोमन अक्षरांत ठेवा, म्हणजे इतरांची मदत घेताना अडचण येत नाही. कॉमेंट मात्र बिनधास्त मराठीत, देवनागरीत लिहा. 'इथे खूण पुसली नाही तर बैल जमिनीला टेकताच पुन्हा उडतो' अशी एक मराठी ओळ तुम्हाला सहा महिन्यांनी जास्त उपयोगी पडेल.

एररचा मजकूर पाहून घाबरू नका, त्यातला क्रमांक आणि ओळीचा आकडा तेवढा वाचा. सीएस १००२ म्हणजे सेमीकोलन राहिला. सीएस ०१०३ म्हणजे असं नाव या जागी ओळखीचं नाही, बहुधा स्पेलिंग किंवा लहान-मोठं अक्षर चुकलंय. 'नल रेफरन्स' म्हणजे कोड ज्या वस्तूकडे बोट दाखवतो ती तिथे नाही, बहुधा इन्स्पेक्टरमधल्या (वस्तूची माहिती दाखवणाऱ्या खिडकीतल्या) रिकाम्या चौकटीत तुम्ही वस्तू ओढून टाकलेली नाही. गणितात एक फसवी जागा आहे : दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो, ५ भागिले २ म्हणजे २. अडीच हवे असतील तर एका आकड्याला दशांश करून मागे एफ लावावा लागतो. आणि जुने व्हिडिओ पाहून लिहिताना रिजिडबॉडीचं (वस्तूला भौतिकीचे नियम लावणाऱ्या भागाचं) 'व्हेलॉसिटी' तुमच्याकडे वेगळं दिसलं तर गोंधळू नका. युनिटी ६पासून त्याचं नाव 'लिनिअर व्हेलॉसिटी' झालं आहे.

गेम कोडमध्ये नेताना क्रम नाण्यापासून धरा. तो सगळ्यात छोटा तुकडा आहे, वर मराठीत लिहिलेल्या पाच ओळींना कंस आणि सुरुवात जोडली की साधारण पंधरा ओळी होतात. एसेट्समध्ये नवी सी शार्प स्क्रिप्ट बनवा, फाईलचं नाव आणि आतल्या क्लासचं नाव अक्षरशः एकच ठेवा. स्क्रिप्ट नाण्याच्या प्रीफॅबला, म्हणजे मूळ साच्याला, लावा. आणि इथे बहुतेक जण फसतात : त्याच प्रीफॅबवरच्या, ग्राफ चालवणाऱ्या 'स्क्रिप्ट मशीन'ची टिक काढायला विसरू नका. नाहीतर ग्राफही गुण वाढवेल, कोडही वाढवेल आणि दुरुस्त केलेला बग परत आला असं वाटून तुम्ही रात्रभर शोधत बसाल. टिक काढा, पण ग्राफ डिलीट करू नका. कोड चुकलं तर तुलना करायला तो हाताशी लागतो.

मधल्या काळात अर्धा गेम ग्राफमध्ये आणि अर्धा कोडमध्ये असेल, त्यात वावगं काही नाही. कोडमधून ग्राफला 'कस्टम इव्हेंट' पाठवता येतो. उलट, ग्राफमधून तुमच्या स्क्रिप्टचं फंक्शन बोलवायचं असेल तर ते पब्लिक ठेवा आणि प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये व्हिज्युअल स्क्रिप्टिंगखाली 'टाइप ऑप्शन्स'मध्ये तुमचा क्लास घालून 'रीजनरेट नोड्स' दाबा. त्याशिवाय नोडच्या यादीत तो मिळत नाही.

नाण्यानंतर गुणांची पाटी घ्या, मग कॅमेरा. कॅमेऱ्याचं कोड 'लेट अपडेट'मध्ये लिहा, कारण त्या फ्रेममधलं बैलाचं हलणं झाल्यावरच कॅमेऱ्याने मागे जायला हवं, नाहीतर चित्र थरथरतं. तरीही थरथरलं तर बैलाच्या रिजिडबॉडीचं 'इंटरपोलेट' सुरू करा. मग उडी, आणि सगळ्यात शेवटी खड्डे निर्माण करणारा भाग, कारण तिथे लूप आणि यादी लागते. रोज तासभर दिलात तर नाण्याला तीन-चार दिवस जातील आणि पाटीला एखादाच. पहिला तुकडा हळू जातो म्हणून धीर सोडू नका. एडिटर म्हणून ८ जीबीच्या मशीनवर व्हीएस कोड पुरे, मोठं व्हिज्युअल स्टुडिओ युनिटीसोबत उघडलं की रॅम संपते.

दुसऱ्या इंजिनांचा मोह होईल, म्हणून थोडक्यात. अनरियलची ब्लूप्रिंट ही नोडची सगळ्यात मुरलेली पद्धत, २०१४ साली अनरियल ४बरोबर आली आणि मोठे स्टुडिओही ती वापरतात : पाया सी प्लस प्लसमध्ये, वरचा खेळ ब्लूप्रिंटमध्ये. पण अनरियल ५साठी ते बनवणाऱ्या एपिक कंपनीने स्वतः ३२ जीबी रॅम सुचवलेली आहे. तुमच्या लॅपटॉपवर ते दुखणं विकत घेऊ नका. गोडो हलकं आहे, फुकट आहे आणि त्याची जीडीस्क्रिप्ट भाषा शिकायला सोपी. त्यातही आधी नोडची पद्धत होती. २०१८च्या ३.० आवृत्तीत आली आणि २०२३च्या ४.०मध्ये काढून टाकली, कारण वापरणारे फार थोडे होते आणि जीडीस्क्रिप्टच पुरेशी सोपी पडत होती. युनिटीचं व्हिज्युअल स्क्रिप्टिंगही आधी 'बोल्ट' नावाचं विकत मिळणारं साधन होतं, २०२०मध्ये युनिटीने ते घेतलं. साधनं अशी येतात-जातात. कोडची भाषा त्यांच्यापेक्षा जास्त टिकते.

नोडमध्ये घालवलेले दोन महिने मात्र वाया गेलेले नाहीत. रंग-प्रकाशाचे शेडर, ॲनिमेशनच्या अवस्था, ब्लेंडरमधले जिओमेट्री नोड, ही कामं व्यावसायिक लोकही तारा जोडूनच करतात. नोकरीचं विचारलं नाहीत, पण दादाच्या बोलण्यामागे तीच काळजी असणार. युनिटीच्या प्रोग्रॅमरच्या जाहिरातीत सी शार्प मागतात. फक्त नोड येणाऱ्याला डिझायनरच्या किंवा टेक्निकल आर्टिस्टच्या बाजूने वाट आहे, प्रोग्रॅमरच्या बाजूने नाही.

लॅपटॉपचं. टूडीला ८ जीबी चालते, पण क्रोमच्या वीस टॅब बंद ठेवा आणि प्रोजेक्ट एसएसडीवरच असू द्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. तुमचा फ्रेम रेट दुपारी घसरत असेल, तर त्याचं एक कारण हेही असेल. एवढा साधा गेम मोकळा सोडला तर सेकंदाला शेकडो फ्रेम काढत उगाच मशीन तापवतो. गेम व्ह्यूमध्ये व्हीसिंक (फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाशी जुळवणारी सोय) लावा किंवा टार्गेट फ्रेम रेट ६० द्या. दोन्ही एकदम नको, कारण व्हीसिंक चालू असताना टार्गेटचा आकडा विचारात घेतला जात नाही. मोबाईलसाठीही ६० द्या, तिथला ३०चा गेम डोळ्यांना जड वाटतो. बिल्डसारखी (गेमची तयार फाईल बनवण्यासारखी) जड कामं सकाळी करा.

तान्ह्या पोळ्याची तारीख गाठायची तर मारबतीची मिरवणूक या वेळी सोडा. आम्हालाही ती कल्पना मनापासून आवडली, म्हणूनच ती घाईत उरकू नका. पन्नास माणसांची गर्दी, ढोलताशे, बडग्यांचे पुतळे, हे सगळं ८ जीबीच्या लॅपटॉपवर पहिल्याच गेममध्ये आणायला गेलात तर बैलही अर्धवट राहील. एक लेव्हल, तीन गल्ल्या, दोन मिनिटांचा खेळ, एवढं पुरं करा आणि आधी वेब बिल्ड करून इच डॉट आयओ या गेमच्या संकेतस्थळावर फुकट टाका. लिंक पाठवली की मित्र ब्राउझरमध्ये खेळतील आणि कुठे अडकतात ते तुम्हाला दिसेल.

प्ले स्टोअरचं काम मात्र उलट दिशेने मोजत या. खात्याला एकदाच २५ डॉलर लागतात. नोव्हेंबर २०२३नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला, सध्याच्या नियमाप्रमाणे, गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते, आणि त्यानंतर परवानगीचा अर्ज, मग तपासणी. पोळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो, त्याच्या आधी दीड महिना चाचणीची फाईल तयार हवी. त्या फाईलसाठी प्लेअर सेटिंग्जमध्ये 'आयएल टू सीपीपी' निवडून 'आर्म ६४'वर टिक करा. 'मोनो' सेटिंगवर ३२ बिटची फाईल बनते आणि प्ले स्टोअर ती नाकारतं. हा बिल्ड तुमच्या मशीनवर बराच वेळ घेईल, म्हणून शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. आणि बारा जण लागतात म्हणून बाराच नावं घालू नका. कॉलेजातले, गल्लीतले, दादाच्या ऑफिसातले मिळून सोळा-सतरा अँड्रॉइडवाले आत्ताच हेरून ठेवा, कारण मधेच दोघांनी चाचणी सोडली आणि आकडा बाराच्या खाली गेला तर सलग १४ दिवस भरत नाहीत.